डावं अंग

चूक तुमची आहे. म्हाताऱ्याला दवाखान्यातून सोडताना चाकाची खुर्ची तुम्ही दिलीत, आणि माणूस तिच्यात कसा बसवायचा ते दाखवलंत त्याच्या मुलाला. सून दाराबाहेर उभी होती. तिला आत बोलवावं असं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. घरी म्हाताऱ्याला उठवणार कोण, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

वनिता सासऱ्याच्या, म्हणजे वाळूच्या, खाटेपुढे उभी होती. त्याच्या अंगावरून वारं गेलेलं. डावा हात, डावा पाय मेल्यासारखा. पडून पडून पाठ सोलली होती, म्हणून रोज बसवायलाच हवं होतं. नवरा सुभाष रोह्याला कंपनीत, शिफ्टवर. काल सासऱ्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून तिने लांबूनच, नुसते हात धरून ओढलं. म्हातारा तोंडावर आपटला. भुवईवरचं रक्त अजून काळं दिसत होतं.

आज पुन्हा.

"लांबून धर गो. सासरा हाय तुझा," सासू गंगी कोपऱ्यातून म्हणाली.

वाळूची जीभ जड झालेली, तरी तो बोलला. "काल लांबूनच धरलंन. पडलो तो मी, तू नाय." मग वनिताकडे बघून म्हणाला, "जवळ ये. मी मेल्यावर कुणाची लाज धरशील?"

सुभाषने सांगितलेलं तिने आठवलं. खुर्ची चांगल्या अंगाला, उजवीकडे, खाटेला टेकवून. दोन्ही ब्रेक लावून. पायाच्या पट्ट्या वर. हात ओढायचे नाहीत, काखेत धरायचं नाही. तिने त्याला खाटेच्या कडेला पाय सोडून टेकवलं, कमरेला गमछा आवळला आणि तो धरला. त्याचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्यांत अडवला. छातीला छाती लागली. गंगीने तोंड फिरवलं. कुणाचं काळीज एवढं धडधडतंय, तेच कळेना. म्हातारा उठला. पाय सरकला. तिने गुडघा दाबला, त्याला वळवलं, हळूच खाली सोडलं.

बसला.

"हमरापूरच्या गणपतीवानी बसवलंस गो," वाळू म्हणाला.

"मंग आरती करू काय तुमची?" गंगी म्हणाली, पण डोळे पुसत.

थोड्या वेळाने वाळूचा चेहरा पांढरा पडला. "आडवं कर मला. अंधारी येतेय." तो पुढे घसरू लागला. वनिताने त्याला मागे रेटून धरलं आणि खाटेकडे पाहिलं. खाट आता त्याच्या डाव्या अंगाला होती. मेलेल्या अंगाला.

गंगीने सुभाषला फोन लावून तिच्या कानाला धरला.

"अवो, बाबाला बसवलं. पन आता खाट डावीकडं आली. परत कसं न्यायचं, ते दाखवलं काय तुमाला?"

पलीकडून नुसता मशीनचा आवाज.

"बोला ना. बाबा घसरतायत. दाखवलं काय कुणी?"