दगडावरचे डाग

शिनोलीचे पाहुणे घर बघायला दारात आले, तरी अंजनाबाई ओव्हनमधला दगड घासतच होत्या. आदेशनं पिझ्झे भाजायला आणलेला तो गोल, पांढरा दगड आता चहा सांडल्यासारखा तपकिरी झाला होता. त्याला साबण लावायचा नाही, दगड साबण पितो, असं लेकानं बजावलेलं. म्हणून दोन दिवस खायचा सोडा लावून घासला, तरी एकही डाग हलला नाही. आदेशची लग्नाची बोलणी चार ठिकाणी फिसकटली होती. आता एका दगडापायी हे स्थळ जायला नको.

मुलगी, संस्कृती, पाण्याचा तांब्या परत द्यायच्या निमित्तानं थेट स्वयंपाकघरात आली.

"काकू, हे काय?"

"ते व्हय? गाईला भाकरी ठेवायची फरशी हाय," अंजनाबाई बोलून गेल्या.

संस्कृतीचा चेहरा उतरला. "मग ह्यांचा पिझ्झ्याचा दगड कुठंय? दर रविवारी घरच्यांना करून घालतो, असं फोनवर सांगत होते. थापा मारतात का?"

अंजनाबाईंनी दगड उचलून तिच्यापुढं धरला. "न्हाई गं बाई! ह्योच त्यो! तीन वर्सं भाजतोय त्याच्यावर. लाजंपायी खोटं बोलले मी. लई घासला, पण डाग निघंचना!"

संस्कृतीनं दगडावरून सावकाश हात फिरवला आणि दारात उभ्या असलेल्या आईकडं बघून हसली.

"आई, स्वयंपाक येतो म्हणणाऱ्या मुलांची तीन घरं बघितली आपण. डाग इथंच दिसले."