पुन्हा बंद

घरचा जुना कॉम्प्युटर रोज संध्याकाळी माझा जीव खात होता. चहा टाकायला उठावं आणि कप घेऊन परत यावं, तर स्क्रीन काळी ठिक्कर, सेव्ह न केलेलं काम गेलं ते गेलंच. धूळ काढली, पंखा बदलला, रॅम बदलली, आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी! दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, वय झालंय त्याचं. किती ओढणार?"

"बाबा, तुम्ही इथेच होतात ना? परत कसा बंद पडला हा?" मी चिडून विचारायचे. बाबा नुसते हसायचे. कारखान्यातली फोरमनकी सुटल्यापासून ते कमीच बोलायचे. वयाने होतं तसं, म्हणून आम्हीही सोडून दिलं होतं.

आज चहाला म्हणून उठले आणि दाराआडच थांबले. बाबा खुर्चीतून उठले. कॉम्प्युटरचं बटण तो विझेपर्यंत दाबून धरलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खोलीतला दिवाही घालवला.

"अहो बाबा, काय करताय हे?"

बाबांनी अदबीने वाट सोडली.




"शिफ्ट संपली, बाई. तुम्हीही निघा आता, घरी वडील वाट बघत असतील."