दोघांत एक

समाधाननं येताना स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. नवलला पहिल्यांदा खटकलं ते हेच. या खोलीतल्या खणात स्क्रू-ड्रायव्हर ढिगानं पडलेले असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

"बसला गर्दी होती का?" नवलनं विचारलं.

"होती." समाधान खाटेच्या कडेवर टेकला. नेहमीसारखा मागे सरकून भिंतीला पाठ लावून बसला नाही.

गच्चीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत दुपारचं बसवत नव्हतं. तरी टेबलफॅनचं तोंड दोघांपैकी कुणाकडेच नव्हतं. मशीन बंद असूनही तो सवयीनं कॉम्प्युटरकडेच वळवलेला होता. कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी ठेवलेली, म्हणजे आतलं कार्ड तापू नये.

कॉम्प्युटर दोघांचा होता. गेम खेळण्यासारखं मशीन एकट्याच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून उभं केलेलं. नवल जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला, समाधान धुळ्याला कुरिअरच्या ऑफिसात. ग्राफिक्स कार्ड समाधाननं घेतलं, तेही वापरलेलं. पण त्या एका कार्डाला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात बाकीचं सगळं आलं. ते बाकीचं नवलनं एकेक करून आणलं. शनिवारी संध्याकाळी समाधान बसनं यायचा. मशीन एक आणि खेळणारे दोन, म्हणून की-बोर्ड त्याच्याकडे, माउस नवलकडे. पळायचं त्यानं, नेम धरायचा यानं. पडद्यावरचा तो एक माणूस दोघं मिळून चालवतात, हे पलीकडून ऑनलाइन खेळणाऱ्यांना कधी कळलं नाही.

"बहिणीची फी भरायची आहे भो," समाधान खाली बघत म्हणाला. "कार्ड विकून टाकतो. गिऱ्हाईक मिळालंय."

फोनवरही त्यानं हेच सांगितलं होतं. नवल दोन दिवस त्यावरच विचार करत होता.

"मीच घेतो ना. महिन्याला थोडे थोडे देईन."

"एकदम पाहिजेत."

समाधान कॅबिनेटपाशी वाकला आणि स्क्रू फिरवू लागला. नवलनं थोडा वेळ बघितलं, मग त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"सरक. कार्डाखालची खटकी तुटेल."

त्यानंच बसवलेलं कार्ड त्यानंच काढलं. ब्रशनं पंख्यातली धूळ झाडली, एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पुढे केलं. आता या मशीनवर काही दिसणार नव्हतं. प्रोसेसर स्वस्तातला घेतला होता. कार्डाशिवाय त्याचा पडदा काळाच राहतो.

"ती पॉवरची वायर पण दे," समाधान म्हणाला. "तिकडच्या पॉवर सप्लायला ही वायर नाहीये."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"तिकडच्या म्हणजे?" नवलनं विचारलं.

समाधाननं टॉवेलची गाठ उगीच पुन्हा सोडून बांधली. "ऑफिसात धनसिंग म्हणून एक आहे. त्याच्याकडे बाकी सगळं आहे. कार्ड तेवढं नव्हतं. धुळ्यातल्या धुळ्यात खेळायला बरं पडतं रे. दर शनिवारी बस मला नाही झेपत."

"आणि फी?"

समाधाननं टॉवेलची गुंडाळी पिशवीत ठेवली.

नवलनं कॅबिनेटमध्ये हात घातला. दुकानात हेच काम असल्यामुळे त्याला वायरीचं सगळं माहीत होतं. या वायरीचं एक टोक कार्डात बसतं. दुसरं टोक दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायमध्येही नीट बसतं, पण आतल्या तारांचा क्रम सारखा नसतो. बटण दाबलं की कार्ड जातं. मागच्याच महिन्यात एक गिऱ्हाईक असं जळलेलं कार्ड घेऊन आलं होतं आणि दुकानात बसून रडलं होतं.

त्यानं वायर दोन्ही टोकांनी उपसून काढली, नीट गुंडाळली आणि समाधानच्या हातात दिली.

"येतो," समाधान म्हणाला.

"ये."

जिन्यावर पावलं वाजली. खाली नवलची आई, पुष्पाबाई, त्याला विचारत होती, "जेवाले नहीं थांबत का रे भाऊ? वरण-बट्टी करेल शे." तो काहीतरी पुटपुटला. फाटकाची कडी वाजली.

नवल खाटेवर बसून राहिला. काळ्या पडद्यात त्याचंच प्रतिबिंब दिसत होतं. आई वर आली, मघाशी तिनंच ठेवून गेलेल्या चहाच्या कपांवरची झाकणं तशीच बघून दारातच थांबली.

"भांडनात का तुम्ही?"

"नाही."

"मंग तो रडत कसाले गया?"

नवल उठला. चप्पल न घालताच जिना उतरला आणि रस्त्यावर आला. डांबर पायाला भाजत होतं. कोपऱ्यावर समाधान रिक्षात बसत होता.

"थांब," नवल म्हणाला. "ती वायर लावू नको. धनसिंगच्या पॉवर सप्लायच्याच कंपनीची नवीन घ्या. या वायरीनं कार्ड जळेल."

समाधाननं पिशवीतून वायर काढली. तिच्याकडे बघितलं, मग नवलकडे.

"तुला हे आत्ता आठवलं?"

नवलला धाप लागली होती. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला.

समाधाननं वायर त्याच्या हातात ठेवली. रिक्षावाल्यानं मागे वळून बसस्टँडच ना, म्हणून विचारलं. त्यानं मान हलवली. रिक्षा सुरू झाली, आणि समाधाननं मांडीवरची पिशवी उचलून सीटच्या पलीकडच्या टोकाला ठेवली, नवलचा हात पोचणार नाही अशी.