वस्ताद परत येतायत

सलग दुसऱ्या आठवड्यात म्हातारा गोलपोस्टामागं उभा दिसला, तेव्हा शिवतेजच्या तोंडातली शिट्टी वाजायचीच राहिली.

जैनुद्दीन वस्ताद उंब्रजला लेकीकडं राहायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळची पहिली एसटी धरून कराडच्या कॉलेजच्या मैदानावर येतो, तो काय हवा खायला? नऊ वर्षांपूर्वी संस्थेतल्या एका बड्या माणसाचा भाचा सरावाला उशिरा आला म्हणून वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर कानफटवलं होतं. कॉलेजनं त्यांना घरी बसवलं आणि फुटबॉलचा संघ त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शिवतेजकडं आला. कंत्राटावर, पण आला. आता तीन वर्षं संघ पहिल्याच फेरीत गारद होत होता, आणि कॉलेजात कुजबुज होती की वस्तादांना परत बोलवायचं चाललंय.

कशाला आलात, असं तोंडावर विचारायची सोय नव्हती. वस्ताद मूळचे तालमीतले. मैदानावरही त्यांनी तालमीचाच कायदा आणला होता. वस्तादाला 'का' विचारायचं नाही. पळ म्हटलं की पळायचं, बस म्हटलं की बसायचं. शिवतेज त्याच कायद्यात वाढला होता आणि आपल्या पोरांनाही त्यानं तोच लावला होता.

त्यानं जाऊन पाय शिवले. "बरं हाय न्हवं, वस्ताद?"

"मला काय धाड भरलीया? पोरं मातूर लय झ्याक जमिवलीयास रं शिवा."

वस्तादांची नजर पोरांवरून हलत नव्हती. केसानं गळा कापणारी माणसं आधी असंच गोड बोलतात, शिवतेज मनात म्हणाला.

चार दिवसांनी वस्ताद प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसले. शिवतेज समोर येताच ते गडबडले आणि यंदा उसाला तोड लवकर आली का, असं विचारायला लागले. गुंठाभर जमीन नसलेल्या माणसाला उसाच्या तोडीशी काय देणंघेणं?

"सरळ इचारा की त्यास्नी," बायको अंकिता म्हणाली.

"वस्तादाला? तोंड हाय का माझं?"

"मग बसा कुढत."

नोकरी गेली तर पुढं काय, हे त्याला लख्ख दिसत होतं. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसायचं आणि मेव्हण्याला साहेब म्हणायचं. त्याला फुटबॉलशिवाय काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

मग प्राचार्या अंजना मॅडमनी बोलावलं. "रविवारी पाचगणीचा संघ येतोय. मैत्रीपूर्ण सामना आहे. संस्थेची समिती बघायला बसणार आहे. बाकावर त्या दिवशी वस्ताद असतील. तुम्ही मैदानाकडं येऊ नका."

"माझं काय चुकलं, मॅडम?"

"काही नाही. तसं ठरलंय."

समिती वस्तादांना पारखणार, हे ओळखायला शिवतेजला एवढं पुरे होतं. संध्याकाळी त्यानं कप्तान धुळाला बाजूला घेतलं. धुळा जतचा, ताडमाड उंच, शब्दाला पक्का.

"रविवारी जिंकायचं न्हाई," शिवतेज म्हणाला. "फॉरवर्डच्या दोघांनी पाय मुरगळला म्हणून बसायचं. बाकीच्यांनी चेंडू आला की वाट द्यायची."

धुळाचा चेहरा उतरला. ओठ हलले, पण प्रश्न काही बाहेर पडला नाही.

"व्हय सर," तो म्हणाला.

रविवारी शिवतेजनं जिमखान्याच्या खिडकीच्या फटीतून सगळा सामना पाहिला. पाचगणीच्या पोरांनी पाच गोल केले. आपल्या पोरांचा एकही नाही. समितीची माणसं आधी एकमेकांकडं, मग घड्याळाकडं बघायला लागली.

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पूर्वी त्यांची हाळी कृष्णेच्या पुलापर्यंत जायची. आज पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. म्हातारा संपला, शिवतेजला वाटलं. याच माणसानं त्याला पहिले बूट घालायला शिकवलं होतं. पण सासऱ्यांची शोरूम आठवली आणि त्यानं मन घट्ट केलं.

सामना संपल्यावर वस्ताद पट्ट्या बांधून बसलेल्या त्या दोन पोरांपाशी गेले. खाली बसून त्यांनी एकाचा घोटा दाबून बघितला, मग दुसऱ्याचा. उठले, जिमखान्याच्या खिडकीकडं एकदा बघितलं आणि कुणाशीही न बोलता स्टँडच्या रस्त्याला लागले.

सोमवारी मॅडमनी बोलावलं, तेव्हा शिवतेज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"वस्ताद परत येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

हसू दाबताना त्याची त्रेधा उडाली. "वय झालं, मॅडम. त्यांचा तरी काय दोष?"

मॅडमनी समोरची फाईल मिटली.

"आम्ही त्यांना महिन्यापूर्वीच विचारलं होतं. ते तेव्हाच नाही म्हणाले. शिवाच्या ताटातला घास मला नको, म्हणाले. चार वेळा येऊन पोरं बघून गेले आणि आमच्यामागं लागले, एकदा खेळ बघा. शिवाला लांब ठेवा, मी बाकावर मुक्यावानी बसतो, त्यानं शिकवलंय ते आपसूक दिसंल. आणि तुम्हाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी शपथ घातली होती."

शिवतेज खिडकीतून मैदानाकडं बघायला लागला.

"काल समिती तुम्हाला कायम करायला बसली होती, शिवतेज."