तांब्याभर पाणी

पूर्णिमाने लॅक्टोमीटर पुसला आणि दुधात पुन्हा सोडला. पुन्हा चोवीस. पाणी घातल्याशिवाय म्हशीच्या दुधाची डिग्री इतकी खाली उतरत नाही.

किटली तिच्या सासूची, विठाबाईंची होती.

सकाळचं दूध घालायला पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव ते. पूर्णिमा कुणाची सून, हे तिथल्या म्हशींनासुद्धा ठाऊक. डेअरीत दूध तपासायला लागून तिला तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिने सात जणांचं दूध परत पाठवलं होतं. त्यातल्या दोघी आज रांगेतच होत्या. माना उंचावून बघत होत्या.

"काय झालं गं?" विठाबाईंनी विचारलं.

"आत्ती, दुधात पाणी हाय."

चेअरमन गणपतराव खुर्चीतून उठून आले. हळूच म्हणाले, "पोरी, घरचं दूध हाय. वत टाकीत. एवढ्या दुधात तांब्याभर पाणी कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की, चेअरमन."

बोलली खरी, पण घरी परत याच बाईच्या हाताखाली नांदायचं होतं. विठाबाईंच्या तोंडाला उभी गल्ली घाबरायची. पूर्णिमा खाली मान घालून शिव्यांची वाट बघत राहिली.

विठाबाईंनी किटलीला झाकण लावलं.

"तिला काय शिकवताय, चेअरमन? पाणी मीच घातलंय. म्हस आटाय लागलीया, त्यात काल पावणं आलं. माप भरावं म्हणून घातलं. सून हाय, चालवून घील, असं वाटलं मला. चुकलं माझं."



ज्याचं दूध परत जाईल त्याचं नाव दारावरच्या फळ्यावर लिहायचा डेअरीचा नेम होता. पूर्णिमाने खडू उचलला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत तिने 'वि' काढला.

विठाबाई किटली घेऊन तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बारकं नगं लिवूस," त्या म्हणाल्या. "रांगंतल्या शेवटच्या माणसाला दिसल, असं लिव."