आधी आ कर

लिबियातल्या मिसराताच्या दवाखान्यात हज्जा मब्रूकाच्या बोटातून रक्त काढलं, की रोज साखर चढलेलीच निघायची. नर्स नजाह उशी झाडायची, कपाट उपसायची, हज्जाच्या सुनेला फैलावर घ्यायची.

"गोडाचा कण जिभेवर ठेवला असेल तर अल्लाशपथ, पोरी!" म्हातारी कळवळायची.

डॉक्टर इन्सुलिन वाढवायला निघाले. खात्रीसाठी त्यांनी आधी दंडातून रक्त घेतलं, तर साखर अगदी शहाण्यासारखी! चक्रावलेली नजाह पुन्हा बोटाकडे वळली. सुनेने खास नर्सबाईंसाठी आणलेला, पाकाने निथळणारा, रव्याच्या बसबूसाचा तुकडा हज्जाने चिमटीत उचलला.

"रोजच्यासारखा आधी आ कर बघू! माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय कधी बोट टोचू दिलंय का तुला?"