मागून बसलेली लाथ

हे लिहायचंच नाही असं शशीने ठरवलं होतं, इतकी लाज वाटत होती. सत्त्याऐंशी साली ग्लासगोच्या एका पार्कात तो त्याचा मित्र कॅलमच्या पुढे पळत होता, तेवढ्यात टाचेच्या वर सणसणीत लाथ बसली. तिथल्या शाळेत काळा म्हणून गोऱ्या पोरांच्या अशा लाथा त्याने मुकाट खाल्ल्या होत्या. या वेळी लंगडतच वळून त्याने कॅलमच्या नाकावर ठोसा हाणला.

त्याच कॅलमने त्याला पाठीवर घेऊन हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी पोटरी दाबली, एरवी त्याने हलणारं पाऊल हललंच नाही.

"लाथ कसली? पोटरीची ओढ टाचेला पोचवणारा टेंडन तुटलाय. तुटताना लाथ बसल्यासारखंच वाटतं."

कॅलम नाकातलं रक्त टिपत होता. "मीच बरा सापडलो रे तुला!"

"प्रॉमिस," शशी म्हणाला, "पुढची लाथ बसली की आधी डॉक्टरांना विचारेन, ठोसा नंतर."